ट्रेंड आपोआप येतो की आणला जातो? समजून घ्या कल्पना पसरवण्यामागची नीती

एखादा हॅशटॅग रातोरात सगळीकडे दिसू लागतो. तो लोकांनी उचलून धरला, की कुणी ठरवून पसरवला? हा प्रश्न सोशल मीडियाच्या कितीतरी आधीचा आहे.

१९२९ मध्ये काय घडलं?

३१ मार्च १९२९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी सर्वांसमोर सिगारेट पेटवल्या. त्या काळी अमेरिकेत स्त्रियांनी रस्त्यावर सिगारेट ओढणं असभ्य मानलं जायचं. या सिगारेटना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हटलं गेलं आणि त्याच्या बातम्या झाल्या.

वाचणाऱ्यांना हे बंड वाटलं. प्रत्यक्षात आखणी होती जनसंपर्क तज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांची आणि पैसे होते अमेरिकन टोबॅको कंपनीचे. स्त्रियांची समानतेची मागणी खरी होती. तिच्या आडून सिगारेट विकली गेली.

मग ठरवून पसरवलेली प्रत्येक कल्पना वाईट?

तसं नाही. १९८८ मध्ये हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागातले जे विन्स्टन यांनी 'डेझिग्नेटेड ड्रायव्हर' मोहीम सुरू केली. मित्रांपैकी एकाने दारू प्यायची नाही आणि गाडी त्यानेच चालवायची, ही स्कँडिनेव्हियातली पद्धत. हॉलिवूडच्या लेखकांना पटवून ती मालिकांच्या संवादांत आणली गेली. चार सीझनमध्ये १६० हून अधिक भागांत तिचा उल्लेख आला.

दोन्हींत फरक काय?

तंत्र बरंचसं सारखंच होतं. मालिका बघणाऱ्यालाही 'हा संवाद मोहिमेचा भाग आहे' असं कुणी सांगत नव्हतं. म्हणजे हेतू चांगला म्हणून प्रश्न संपत नाही.

फरक दिसतो तो सगळं उघड झाल्यावर. हार्वर्डची मोहीम जाहीर होती. ती माहीत असूनही सल्ला उपयोगाचाच राहतो. बर्नेज यांच्या 'मशालीं'मागे सिगारेट कंपनी आहे हे तेव्हाच कळलं असतं, तर त्या बंडाची हवाच गेली असती.

आज नियम काय आहे?

भारतात जाहिरात मानक परिषदेच्या (एएससीआय) २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मोबदला घेऊन केलेल्या पोस्टवर इन्फ्लुएन्सरने तसं स्पष्ट लिहायला हवं.

शेअर करण्याआधी काय बघाल?

- यामागे कोण आहे, हे उघडपणे सांगितलंय का?
- कल्पना पसरल्यावर फायदा कुणाचा आणि नुकसान कुणाचं?
- पैसे कुणी दिले हे कळल्यावरही तुम्ही ती शेअर कराल का?