आठचे क्रमगुणित ऋण कसे?

१ पासून ८ पर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार, म्हणजेच ८ चे क्रमगुणित, कागदावर करून पाहा. उत्तर ४०,३२० येते. आता हाच गुणाकार करणारा सी भाषेतला छोटा प्रोग्रॅम घ्या. उत्तर साठवायला नेहमीचा ‘इंट’ हा प्रकार वापरा. बोर्लंड कंपनीच्या १९८७ मधील टर्बो सी कंपायलरवर त्याचे उत्तर येते उणे २५,२१६! तोच प्रोग्रॅम, एक अक्षरही न बदलता, आजच्या लिनक्सवरील जीसीसी कंपायलरला दिला, तर ४०,३२० हे बरोबर उत्तर मिळते. असे का व्हावे?

आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणे हे कंपायलरचे काम. टर्बो सी ‘इंट’साठी १६ बिट राखून ठेवतो. १६ बिटांच्या ६५,५३६ वेगवेगळ्या मांडण्या होतात. त्यातल्या निम्म्या ऋण संख्यांसाठी लागतात, म्हणून सर्वांत मोठी धन संख्या ३२,७६७. तिच्यापुढे गेलो की गाडीच्या किलोमीटर मोजणाऱ्या आकड्यांप्रमाणे मोजणी फिरून येते. ४०,३२० मधून ६५,५३६ वजा करा. उणे २५,२१६ मिळतील.

मग टर्बो सी चुकीचा म्हणायचा का? नाही. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सी भाषा घडवली, ती पीडीपी-११ या १६ बिटांच्या यंत्रावर. प्रत्येक यंत्राला सोयीचे माप वापरता यावे, हे या भाषेचे धोरण. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणानेही ‘इंट’मध्ये निदान ३२,७६७ पर्यंतच्या संख्या मावाव्यात एवढीच अट घातली. जीसीसी तेथे ३२ बिट देतो. दोघेही नियमातच आहेत. ‘लाँग’चेही तसेच. ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ६४ बिटांचा असतो, तर ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचाच.

प्रोग्रॅम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना दोन प्रकारचे दोष आढळतात. टर्बो सीमधली पडदा पुसण्याची आज्ञा जीसीसीला ठाऊक नसते. तो लगेच तक्रार करतो. हा दोष त्रासदायक, पण प्रामाणिक. मापाचा दोष मात्र बहुधा गुपचूप राहतो. उत्तर ऋण आले तर निदान शंका येते. पण ३२ बिटांच्या ‘इंट’मध्ये १३ चे क्रमगुणित काढा. बहुतेक वेळा १,९३,२०,५३,५०४ असे धन, भारदस्त उत्तर मिळेल. ते चूक आहे हे संगणकाविना कसे ओळखाल? गुणाकारात ५ आणि १० दोन्ही आहेत, म्हणजे शेवटी किमान दोन शून्ये हवीत. येथे तर शेवटी ०४ आहे! खरे उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे.

यावर उपाय आहेत. १९९९ च्या प्रमाणात नेमक्या बिटांचे प्रकार आले, उदाहरणार्थ ‘इंट६४_टी’. प्रत्येक प्रकाराचे माप ‘साइझऑफ’ने तपासता येते. कंपायलरच्या सूचनाही पूर्ण चालू ठेवाव्यात. मात्र त्या सगळे दोष पकडतीलच असे नाही.

वर्गात १ ते २० ची क्रमगुणिते दोन कंपायलरांवर काढायला सांगा आणि कोणते उत्तर कोठून बिघडले ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. कंपायलरने तक्रार केली नाही याचा अर्थ उत्तर बरोबर आहे असा होत नाही, हे त्यांना स्वतःच्या आकडेमोडीतून पटेल.