पात्याचं पाणी: घरी सुरी बनवण्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

लोहार पोलादाला 'पाणी देतो' म्हणजे तापवलेलं पातं बुडवून त्याला कडक करतो. पाणी नीट बसलं तर धार टिकते. कमी बसलं तर ती दुमडते आणि जास्त झालं तर तुकडा उडतो. आता हे काम भट्टीत, मोजलेल्या तापमानाला करून घेतलेली पाती विकत मिळतात. आकार कापलेला असतो, पोलाद कडक झालेलं असतं आणि मुठीसाठी भोकंही पाडलेली असतात. मूठ घडवणं, पातं घासणं आणि धार लावणं एवढं आपल्याकडे उरतं. गेली काही वर्षं मी अशा पात्यांच्या सुऱ्या बनवतो आहे. पाहायला येणारे जवळजवळ सगळे त्याच शंका विचारतात. त्यांची नीट उत्तरं द्यावीत, म्हणून हा लेख.

गैरसमज: तयार पात्याला मूठ लावली, यात आपण बनवलं काय?

वस्तुस्थिती: सुरी एकाच माणसाने पहिल्यापासून शेवटपर्यंत बनवावी, असा नियम सुऱ्यांसाठी नावाजलेल्या गावांतही नव्हता. जपानमध्ये ओसाकाजवळच्या साकाईत पातं घडवणारा एक, त्याला घासून धार चढवणारा दुसरा आणि मूठ बसवणारा तिसरा, अशी कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डलाही घडाई, घासाई आणि मूठकाम हे वेगवेगळे धंदे होते. 

शिवाय वापरणाऱ्याला सुरी कळते ती हाताला. मूठ तळव्यात भरते की टोचते, सुरी टोकाकडे झुकते की मुठीकडे, हे मूठ करणारा ठरवतो. सरावलेला हात भाजी चिरताना अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पात्याचं बूड धरतो. सुरीचा तोल त्या चिमटीच्या आसपास आला, तर तासभर कांदे चिरूनही मनगट भरून येत नाही. आपल्याच घरातल्या हाताच्या मापाने मूठ कोरणं बाजाराला जमत नाही. आपल्याला ते जमतं.

गैरसमज: कुठलंही लोखंड लालभडक करून पाण्यात बुडवलं की कडक होतं.

वस्तुस्थिती: पाणी धरतो तो लोखंडातला कार्बन. खिडकीच्या गजात किंवा साध्या पत्र्यात तो पाव टक्क्याहूनही कमी असतो. असं लोखंड कितीही वेळा तापवून बुडवलं, तरी सुरीची धार टिकण्याइतकं कडक होत नाही. ट्रकच्या कमानपाट्यात कार्बन साधारण अर्धा ते ०.६ टक्का असतो. म्हणून आपले लोहार त्याचे कोयते करतात आणि ते घाव सोसतात. सुरीसाठी वापरतात त्या पोलादांत कार्बन साधारण अर्ध्या टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत, काहींत त्याहून जास्त असतो. बेअरिंगसाठी बनणाऱ्या ईएन-३१ पोलादात तो एक टक्क्याच्या आसपास असतो.

पण नुसता कार्बन असून भागत नाही. साधं कार्बन पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं. ७७० अंशांच्या पुढे त्याला लोहचुंबक चिकटत नाही, आणि त्यावरून लोहार तापमानाचा अंदाज घेतात. मग पातं बुडवायचं ते बहुतेकदा तेलात. पाण्याच्या झटक्याने पातळ पात्याला तडा जाऊ शकतो. तेलातून निघालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास दोनेक तास शेकलं, की कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. स्टेनलेस पोलादाला तर हजार अंशांच्या वर नेऊन तिथे काही मिनिटं स्थिर ठेवावं लागतं. कोळशाच्या शेगडीवर हे साधत नाही. म्हणून पाणी दिलेलं पातं विकत घेण्यात कमीपणा नाही. भट्टीचं काम भट्टीवाल्याने करावं, यात शहाणपणच आहे.

पातं घरी आलं की त्याचं पाणी जोखून घ्या. धारेपासून दूर, पाठीच्या कडेवर चांगली कानस हलकेच फिरवा. कानस काचेवरून गेल्यासारखी घसरली तर पातं कडक आहे. ती चावून भुकटी काढू लागली, तर ते पातं परत करा.

गैरसमज: पोलाद जितकं कडक, तितकी सुरी चांगली.

वस्तुस्थिती: कडकपणा रॉकवेल मापात मोजतात. जर्मन वळणाच्या सुऱ्या बहुधा ५६ ते ५८ अंकांच्या असतात, तर अनेक जपानी सुऱ्या ६० च्या वर. अंक वाढला की धार जास्त दिवस टिकते, पण चिवटपणा घटतो. ६१ अंकांच्या सुरीने मटणाचं हाड तोडायला गेलात, तर धारेचे कपचे उडतील. नारळ आणि हाडं यांसाठी कोयताच हवा.

कांद्याच्या पातळ चकत्या पडतात त्या कडकपणामुळे नव्हे, तर पातं पातळ असल्यामुळे. धारेच्या लगेच मागे पातं पाव ते अर्धा मिलिमीटर असेल, तर सुरी गाजरातून सरळ उतरते. तिथेच ते एक मिलिमीटर असेल, तर गाजर कापण्याऐवजी फाटतं, मग पोलाद कितीही महाग असो. पातं निवडताना आधी ही जाडी विचारा.

गैरसमज: पातं लाल होईपर्यंत त्याचं पाणी उतरत नाही.

वस्तुस्थिती: या समजुतीमुळे सर्वांत जास्त पाती वाया जातात. साध्या कार्बन पोलादाचं पाणी लाली दिसण्याच्या खूप आधी उतरतं. ज्या २०० अंशांना ते शेकलेलं असतं, त्याच्या वर जाईल तसं ते मऊ पडू लागतं. घासलेल्या पृष्ठभागावर आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. ग्राइंडरवर धारेची पातळ कड काही सेकंदांत एवढी तापते, कारण उष्णता निघून जायला तिथे धातूच नसतो.

माझ्या पहिल्या पात्याच्या टोकाला अशीच दोन बोटं निळाई आली. पॉलिश पेपरने ती घासून काढली आणि प्रश्न मिटला असं वाटलं. पण आठवड्याभरात नेमकी तेवढीच धार दुमडली. रंग घासून जातो, उतरलेलं पाणी परत येत नाही. मऊ पडलेला भाग दगडावर हाताने झिजवून काढण्यावाचून इलाज नव्हता.

म्हणून पाण्याची बादली शेजारी ठेवा. पातं उघड्या बोटांनी धरा आणि कोमट लागलं की बुडवा. फिरत्या यंत्रावर हातमोजे घालू नयेत. ते पट्ट्यात अडकून हात आत ओढला जातो. घाई नसेल तर ग्राइंडरऐवजी लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासा. वेळ लागतो, पण पाणी सुरक्षित राहतं.

गैरसमज: स्टेनलेस गंजतच नाही, आणि काळं पडणारं पातं आरोग्याला वाईट.

वस्तुस्थिती: धातुतज्ज्ञ हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये शेफील्डला सुमारे १३ टक्के क्रोमियमचं न गंजणारं पोलाद बनवलं. सुऱ्यांचं स्टेनलेस आजही बहुधा १३ ते १५ टक्क्यांच्या घरात असतं, आणि त्यातलं काही क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन गंज अडवायला उरत नाही. भांड्यांच्या ३०४ स्टीलमध्ये क्रोमियम १८ टक्के आणि कार्बन नाममात्र. त्यामुळे ते सहसा गंजत नाही, पण उष्णतेने कडकही होत नाही. म्हणजे स्टेनलेस सुरी ताटापेक्षा लवकर गंजू शकते. मीठ-लिंबू लागलेली सुरी रात्रभर मोरीत पडली, तर ठिपके पडतात.

कार्बन पोलादाचा काळेपणा आपल्या घरांना नवा नाही. लोखंडी विळीवर कैरी किंवा केळफूल चिरलं की पातं काळवंडतं. हा काळसर थर निरुपद्रवी असतो आणि लाल गंजाला थोडा अडवतोही. काम झालं की सुरी धुऊन लगेच कोरडी करायची आणि बरेच दिवस ठेवायची असेल तर तेलाचं बोट फिरवायचं, एवढी काळजी पुरते.

गैरसमज: मूठ म्हणजे शोभा. दोन फळ्या चिकटवल्या की झालं.

वस्तुस्थिती: ओलं लाकूड वाळताना आकसतं आणि फटीत पाणी शिरतं. म्हणून बाभूळ किंवा सागवानाचा नीट मुरलेला तुकडा घ्या. पात्याचा मुठीत जाणारा भाग जाड पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि ॲसिटोनने पुसा. चकचकीत, तेलकट धातूवर एपॉक्सी धरत नाही. शिकंजा मात्र बेताने आवळा, नाहीतर सगळं एपॉक्सी बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो. मुठीची पात्याकडची तोंडं चिकटवण्याआधीच गुळगुळीत करा. नंतर तिथे घासायला गेलात तर पात्यावर ओरखडे येतात. नवं भोक हवं असेल तर साधं ड्रिल कडक पात्यावर चालत नाही, कार्बाइडचं लागतं.

मूठ घासताना धारेवर जाड चिकटपट्टी गुंडाळा आणि नाकातोंडाला मास्क लावा. लाकडाची भुकटी फुप्फुसांना घातक असते. शेवटी जवसाचं तेल लावलंत, तर तेलाची चिंधी बोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

गैरसमज: घरात लहान मुलं आहेत, सुरी थोडी बोथटच बरी.

वस्तुस्थिती: बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी टोमॅटोवरून घसरून बोटावर येते. मुलांपासून ती उंचावर ठेवावी, पण धार चांगलीच हवी. आधी ४०० आणि मग १००० नंबरच्या दगडावर, दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंशांचा एकच कोन सांभाळून घासा. दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत कड लागली, की धार टोकापर्यंत पोहोचली. ती कड हलक्या हाताने काढली की सुरी तयार.

माझं ते निळं पडलेलं पातं मी फेकलं नाही. झिजवल्यामुळे टोकाशी ते तीन मिलिमीटर अरुंद झालं आहे, पण उरलेल्या पोलादाचं पाणी शाबूत आहे आणि ते रोज भाजी चिरतं. खंडेनवमीला विळी आणि कोयत्याशेजारी तीच सुरी मांडतो. पाणी देणारा तो भट्टीवाला मला कधी भेटलेला नाही. त्याने दिलेलं पाणी सांभाळणं कसं असतं, हे मी त्या सुरीपाशी शिकलो.