नाळेने दिलेली साक्ष

आपल्याकडे बाळाची गळून पडलेली नाळ पुरतात; काही घरांत वाळवून जपूनही ठेवतात. जपानमध्ये ती लहानशा लाकडी डबीत ठेवण्याची जुनी रूढी आहे. वाचकहो, अशाच डब्यांतून विसाव्या शतकातील एका भीषण विषबाधेचा पुरावा हाती आला.

युद्धात होरपळलेला जपान कारखानदारीच्या बळावर झपाट्याने उभा राहत होता, तो हा काळ. क्यूशू बेटावरील मिनामाता गावात चिस्सो कंपनी पाऱ्याच्या साहाय्याने अॅसिटाल्डिहाइड हे रसायन तयार करी आणि सांडपाणी समुद्रात सोडी. त्यातील मिथिल पारा शिंपल्यांत व माशांत साठत गेला. आधी मांजरे झिंगल्यासारखी नाचून मरू लागली. मग एप्रिल १९५६ मध्ये, चालणे-बोलणे अडखळलेली पाच वर्षांची एक मुलगी कारखान्याच्याच रुग्णालयात आली. तेथील डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १ मे रोजी या अज्ञात मेंदूविकाराची खबर आरोग्य खात्याला दिली. पुढे १९५९ साली त्यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नातून एका मांजराला दिले. त्यालाही तोच आजार जडला. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. विषारी पाणी १९६८ पर्यंत वाहतच राहिले. नोकरी आणि वैद्यकधर्म यांच्या कात्रीत सापडलेल्या या डॉक्टरांनी १९७० साली, मरणाच्या दारात असताना, रुग्णशय्येवरून साक्ष दिली.

मला अधिक अस्वस्थ करते ती गर्भातील बाळांची कथा. मान न धरणारी, घास गिळू न शकणारी मुले जन्मत होती. आया मात्र वरवर धडधाकट. वार विष गाळून घेते, अशी तेव्हाची वैद्यकीय समजूत. म्हणून या मुलांवर जन्मजात मेंदूच्या पक्षाघाताचा शिक्का बसला. प्रत्यक्षात मिथिल पारा वार सहज ओलांडतो, आणि बाळाच्या रक्तात त्याचे प्रमाण आईपेक्षाही अधिक भरते. मुलांचा हा आजार १९६२ साली मान्य झाला. मासाझुमी हाराडा या डॉक्टरांनी पुढे घरोघरच्या डब्यांतील नाळा तपासण्यासाठी मिळवल्या. ज्या वर्षांत कारखान्याचे उत्पादन वाढले, त्या वर्षांत जन्मलेल्यांच्या नाळेत पाराही वाढलेला आढळला. एका कुटुंबात अशा मुलीला ‘रत्न’ म्हणत. आईच्या अंगचे विष तिने स्वतःकडे घेतले, म्हणून पाठची भावंडे वाचली, अशी त्यांची भावना होती.

पाऱ्याला आळा घालणारा २०१३ चा आंतरराष्ट्रीय करार याच गावाच्या नावाने ओळखला जातो. भारतही त्यात सहभागी आहे.

हे वाचून घरातील गर्भवतीचे मासे बंद करू नका. माशांतील प्रथिने व स्निग्धाम्ले बाळाच्या मेंदूला हवीच असतात. निवड मात्र डोळसपणे करावी. मोठा मासा लहानांना खातो, त्यांच्यातील पारा त्याच्या अंगी साठतो; म्हणून मुशीसारखे शिकारी मासे गरोदरपणी व अंगावर पाजताना टाळावेत. तारली, मांदेली, बांगडा बरे. कारखान्याचे सांडपाणी मिसळते अशा खाडीतील वा नदीतील मासळी मात्र, कितीही ताजी आणि स्वस्त असली, तरी नको. मिथिल पारा माशाच्या मांसातच भिनलेला असतो. मीठ-हळद लावून, धुऊन वा उकळून तो जात नाही.