स्वतःच्या धंद्यात उमेद कशी टिकवावी?

शेतीला जोड म्हणून एखादा छोटा धंदा उभारावा असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. कोणी शिलाई यंत्र घेतो, कोणी दोन म्हशी बांधतो, कोणी पिठाची गिरणी टाकतो. पहिले दोन महिने उत्साहाचे असतात. मग उधारी थकते, गिऱ्हाईक कमी होते, आणि सहा महिन्यांनी यंत्रावर फडके पडते. अकलेची वा पैशाची उणीव हे त्याचे कारण प्रत्येक वेळी नसते. फळ दिसण्याआधीचे दिवस काढता येत नाहीत, हेच पुष्कळदा खरे कारण असते, असे आम्हांला वाटते.

धार जिल्ह्यातील बाघ या गावची कापडछपाई पाहा. छपाईपूर्वी कापड एरंडेल, संचोरा मीठ आणि बकरीच्या लेंड्या यांच्या पाण्यात भिजवून पुन्हा पुन्हा वाळवतात. नंतर ते हिरड्याच्या पाण्यातून काढतात. मग लाकडी ठशांनी छापतात. काळ्यासाठी लोहाचे मिश्रण असते, तर लाल रंगासाठी तुरटी व चिंचोक्याची खळ. तुरटीचा ठसा प्रथम फिकटच असतो. कापड काही दिवस वाळते, वाहत्या पाण्यात धुतले जाते, आणि आलिझरिन व धावडीची फुले घातलेल्या तांब्याच्या कढईत उकळते, तेव्हा कुठे लाल रंग खुलतो. फिकट ठसा पाहून कारागिराने कापड टाकून दिले तर कसे चालेल?

या धंद्यावरही वाईट दिवस आले होते. बाघचे कापड मुख्यतः आसपासचे आदिवासी व गावकरी वापरीत. 1960 नंतरच्या काळात स्वस्त कृत्रिम कापड बाजारात आले व अनेक कारागिरांनी जुनी पद्धत सोडली. इस्माईल सुलेमानजी खत्री यांच्यासारखे काही जण मात्र तिला धरून राहिले. त्यांनी रीत सोडली नाही, पण माल बदलला. घागरा-लुगड्याच्या कापडाबरोबर साड्या व चादरी छापून शहरातील गिऱ्हाईक मिळवले. 2008 साली बाघ छपाईला भौगोलिक मानांकन मिळाले. चिकाटी म्हणजे हट्ट नव्हे, हे यातून शिकावे.

छपाई हा कारागिराचा धंदा झाला. शेतकऱ्याचे उदाहरण हवे असेल तर देवासला चला. 1990 साली देवास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. 2006 पासून त्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा सुमारे दहावा भाग देऊन शेततळी खोदली. बऱ्याच जणांनी पदरचे पैसे घातले किंवा कर्ज काढले. जमीन गेलेली त्याच दिवशी दिसते, पाणी मात्र पावसाळ्यानंतर. मधले महिने ज्यांनी धीर धरला, त्यांना पुढे रब्बीचे पाणी मिळाले.

धीर कसा धरावा, याविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी:

1. रोजचा हिशेब रोज लिहावा. मन घाबरले की तोटा दुप्पट वाटतो. वही खरे ते सांगते.

2. धंद्याचा पैसा व घरखर्च वेगळा ठेवावा. बियाण्याच्या पैशाला हात लावू नये.

3. मोठ्या स्वप्नाऐवजी आठवड्याचे काम ठरवावे. उदाहरणार्थ, या आठवड्यात दोन नवी घरे दुधासाठी जोडायची.

4. जे गिऱ्हाईक परत आले नाही, त्याला कारण नम्रपणे विचारावे. त्याचे उत्तर फुकटची शिकवण असते.

5. पतीपत्नींनी मिळून निर्णय घ्यावेत. बचत गट असेल तर अडचण तेथे मोकळेपणाने सांगावी. एकट्याने गिळलेली काळजी झोप खाते.

6. वेळेवर जेवावे, पुरेसे झोपावे, आठवड्यातून एक दिवस विसावा घ्यावा. थकवा दारूने वा तंबाखूने जात नाही; शरीर व गल्ला दोन्ही रिकामे होतात.

शेवटी एक कटू गोष्ट. प्रत्येक धंदा चालतोच असे नाही. म्हणून आरंभीच किती पैसे व किती महिने द्यायचे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. त्या मर्यादेपर्यंत कुरकुर न करता झटावे. ती आल्यावर वही उघडून शांतपणे ठरवावे. हिशेब पाहून धंदा बंद करण्यात कमीपणा नाही. पण एका वाईट आठवड्याने खचून तो बंद करू नये. पेरल्यावर चौथ्या दिवशी माती उकरून बी पाहणारा शेतकरी आपल्यात कोणी नाही. तोच धीर धंद्यातही दाखवावा.