शिपायाची छावणी आणि रयतेचे घर

आपल्या घरात आपली सत्ता चालते असे आपण मानतो. पण हत्यारबंद शिपाई मुक्कामाला दाराशी उभा राहिला, तर ती सत्ता कितपत टिकते? त्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय घरधन्याला असावी लागते. म्हणूनच हा विषय लष्कराइतकाच नागरिकांचाही आहे.

इंग्लंडात १६२८ च्या हक्कांच्या अर्जात, लोकांच्या घरी बळेच सैनिक ठेवल्याची तक्रार होती. अमेरिकेतील वसाहतींवर १७६५ च्या कायद्याने सैन्याच्या निवाऱ्याचा भार पडला. त्यातून असंतोष वाढला आणि पुढे स्वतंत्र अमेरिकेने १७९१ साली घटनेतच नियम घातला : शांततेच्या काळी मालकाच्या संमतीवाचून घरात सैनिक ठेवावयाचा नाही, युद्धकाळीही कायद्याने ठरविलेल्या रीतीनेच ठेवावयाचा.

याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी हा प्रश्न आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात उभा राहिला होता. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळ शिवाजी महाराजांच्या घोडदळाची पावसाळी छावणी होती. तेथील अधिकाऱ्यांना धाडलेल्या पत्राचा आशय असा : दाणावैरण बेताने वापरा, ती आधीच संपली तर घोडी मरतील, शिपाई रयतेचे धान्य, गवत, लाकूड, भाजी ओढू लागतील, आणि लोकांना मोगलांपेक्षा तुम्हीच जड वाटाल. लागेल ते बाजारातून विकत घ्या.

या पत्रातील मर्म आम्हांस असे दिसते, की रयतेवरील जुलमाचे मूळ पुष्कळदा कोठीतल्या गैरव्यवस्थेत असते. सरकारने पोट भरण्याची सोय केली नाही, तर नुसत्या ताकिदीने शिपाई आवरत नाही.

परंतु आज्ञा ही राजाच्या जागरूकतेवर चालते. कायदा घरधन्याच्या हाती हक्क देतो. आपल्या राज्यघटनेत अमेरिकेसारखे स्वतंत्र कलम नाही. मात्र स्थावर मालमत्ता ताब्यात घेण्याविषयीच्या १९५२ च्या केंद्रीय कायद्याने मालक स्वतः कुटुंबासह खरोखर राहत असलेले घर वगळले आहे. तसेच केवळ पूजास्थान, शाळा, रुग्णालय वा सार्वजनिक वाचनालय म्हणून वापरात असलेल्या वास्तूही. इतर मालमत्तेसाठी आधी लेखी नोटीस देऊन हरकत मांडण्यास पंधरा दिवस द्यावे लागतात, आणि मोबदलाही द्यावा लागतो.

सैन्य आपलेच आहे, त्याची सोय झालीच पाहिजे. पण तिचा खर्च साऱ्या देशाने वाटून घ्यावा. छावणीशेजारी ज्याचे घर पडले, त्या एकट्यावर तो पडू नये.