वावडिंगाची परीक्षा

मिरीएवढं, तांबूस-काळं वावडिंग तान्ह्या बाळाच्या दुधात उकळायची रीत महाराष्ट्रात अजून आहे. चरकसंहितेनं कृमिघ्न द्रव्यांत पहिला मान त्यालाच, म्हणजे विडंगाला, दिला. पळसाच्या बिया, पळसपापडी, हेही जंतांवरचं जुनं औषध. अशा औषधींचा गुण पारखायची रीतसर पद्धत आज प्रयोगशाळांत रुळली आहे.

सुरुवात अर्कापासून. वाळल्या फळांची भरड सॉक्सलेट उपकरणाच्या काचनळीत ठेवतात. खालच्या चंबूत अल्कोहोल उकळतं, त्याची वाफ वर थंड होऊन थेंब थेंब भरडीवर पडते आणि नळी भरली की रंगीत द्रव आपसूक खाली उतरतो. तासन्‌तास हेच चालतं. द्रावक चुकला, तर गुण हातचा जातो. चीनमध्ये संशोधक तू यूयू यांना छिंगहाव वनस्पतीच्या काढ्याचा हिवतापावर भरवसा वाटेना. १९७१मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि त्या अर्कानं उंदरांमधला हिवतापाचा परजीवी थोपवला. त्यातून आर्टेमिसिनिन हाती आलं, २०१५मध्ये नोबेलही मिळालं.

अर्काचा जिवाणूंवरचा गुण पाहायला पेट्री डिशमधल्या अगरवर जिवाणू एकसारखे पसरवतात, त्यात छोट्या विहिरी पाडून अर्क भरतात. ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये रात्रभर ठेवल्यावर दुधट थरात विहिरीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटलं, तर वाढ थांबली. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. शेजारच्या एका विहिरीत ओळखीचं प्रतिजैविक असतं, दुसरीत नुसता द्रावक. द्रावकाभोवतीही तेवढंच वर्तुळ दिसलं, तर अर्काला श्रेय नाही. तेलकट घटक अगरमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळे लहान वर्तुळ म्हणजे दुबळा अर्क असंही नाही. म्हणून पुढे अर्क दर वेळी निम्म्यानं पातळ करत, वाढ रोखणारी किमान मात्रा शोधतात.

जंतांसाठी आपल्याकडे बरेचदा गांडूळ वापरतात. अर्कात ते किती वेळात लुळं पडतं, किती वेळात मरतं, याची अल्बेंडाझोल या जंतनाशकाशी तुलना होते. गांडूळ सहज मिळतं, पण ते मातीतलं. आतड्यातल्या गोलकृमीचं चिवट कवच त्याला नसतं. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात रक्त पिणाऱ्या हिमोंकस कृमीची अंडी लेंड्यांतून वेगळी करून, त्यांतली किती अर्कात उबतात हे मोजणं अधिक बोलकं ठरतं.

खरा कस यापुढे लागतो: जंताला मारणारं द्रव्य माणसाला सोसेल का? पळसपापडीतलं पॅलासोनिन हे अंगावर फोड आणणाऱ्या किड्यांतल्या कँथारिडिन या विषाचं जवळचं रसायन आहे. म्हणून काचेतल्या यशानंतर पेशी, प्राणी आणि शेवटी माणसं अशा पायऱ्या चढाव्याच लागतात.

आजीबाईच्या बटव्याबद्दल मनापासून आदर असेल, तर यातली एकही पायरी त्याला माफ करू नये. राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेतल्या मुलांना ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी मिळते, कारण तिची मात्रा, गुण आणि धोके मोजलेले आहेत. वावडिंगाबद्दलही असंच बिनचूक सांगता यावं, एवढ्यासाठी ही सारी खटपट आहे आणि ती व्हायलाच हवी.