कुठे उतरणार?

संध्याकाळची कल्याण फास्ट लोकल घाटकोपर सोडते आणि दोन बाकांच्या मधे उभा असलेला माणूस बसलेल्याकडे बघून नुसती हनुवटी उडवतो. "कुठे?" "ठाणे." "कोणाला सांगितलंय?" "नाही." झाला व्यवहार. ठाण्याला सीट त्याची. तिकीट नाही, साक्षीदार नाही, टीसीचा तर पत्ताच नाही. तरीही मधेच कोणी घुसू पाहिलं तर दोन्ही बाकांवरचे सगळे त्याच्यावर तुटून पडतात. शिवाय तिघांच्या बाकावर टेकणारी चौथी सीट. खिडकीचा उठला की तिघे सरकतात, चौथ्याला पूर्ण बूड टेकायला मिळतं आणि त्याच्या रिकाम्या वीतभर जागेला लगेच नवा वारस सापडतो. हे नियम कुठेही लिहिलेले नाहीत. तरीही डोंबिवलीत नवा राहायला आलेला माणूस ते आठवड्याभरात शिकतो.

यात नवल काय, असं वाटेल. नवल कळण्यासाठी न्यूयॉर्कला जावं लागतं. तिथे स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात विद्यार्थ्यांना भुयारी रेल्वेत पाठवलं. काम एवढंच: बसलेल्या अनोळखी माणसाला म्हणायचं, मला तुमची सीट द्याल का? कारण सांगायचं नाही. 68 टक्के लोकांनी सीट दिली किंवा सरकून जागा केली. "उभं राहून पुस्तक वाचता येत नाही" असं फुटकळ कारण जोडलं, तर आकडा 42 टक्क्यांवर घसरला. पण खरी गंमत विचारणाऱ्यांची झाली. विद्यार्थ्यांना घाम फुटला. खुद्द मिलग्रॅम विचारायला गेले तर शब्द घशातच अडकले. आणि सीट मिळाल्यावर, ती घेणं रास्त दिसावं म्हणून, त्यांना आजारी असल्यासारखं वागावंसं वाटलं!

तिथल्या प्राध्यापकाच्या घशात अडकलेला प्रश्न आपल्याकडे शाळकरी पोरही विचारतं. मग प्रश्न पडतो की एवढ्या बोलक्या डब्यात कुबडी घेतलेला माणूस कधीकधी मुलुंडपर्यंत उभा का राहतो?

माझ्या मते याचं कारण माणुसकीच्या टंचाईत नाही, त्या तोंडी व्यवहारातच आहे. ही व्यवस्था आधी कोणी विचारलं एवढंच बघते, कोणाला गरज आहे हे बघत नाही. ठाण्याला उतरणारा माणूस कुबडीवाल्यासाठी भांडुपलाच उठला, तर त्याचं जातं काय? फार तर दहा-बारा मिनिटं. पण ज्याने ती सीट सांगून ठेवली होती, त्याचा कल्याणपर्यंतचा हक्क बुडतो. म्हणजे सीट एकाने दिलेली दिसते, प्रत्यक्षात दोघांनी दिलेली असते. दुसऱ्याचे आभार कोणी मानत नाही. बसलेला माणूस घुटमळतो, तेव्हा पुष्कळदा तो या दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत असतो.

हा पेच सोडवायला दिव्यांगांचा वेगळा डबा आहे. तो सापडावा म्हणून केलेली एक सोय मला फार आवडते: डबा जिथे थांबतो, तिथे फलाटावर एकसारखा बारीक बीप वाजत असतो. बहुतेकांच्या कानाला तो गोंगाटाचाच भाग. पण ज्याला दिसत नाही, तो पांढरी काठी टेकत गर्दीतून नेमका त्या आवाजाखाली येऊन उभा राहतो.

डब्यावरच्या चित्राची गोष्ट मात्र वेगळी. चाकाच्या खुर्चीची ती आकृती 1968 साली सुसान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढली. तिच्या चित्रात फक्त खुर्ची होती. वरचं वाटोळं डोकं नंतर जोडलं गेलं. पण डबा आणि फलाट यांच्यातली फट, उंचीतला फरक आणि अर्ध्या मिनिटाचा थांबा बघता, दारावर ज्याचं चित्र आहे त्यालाच त्या डब्यात चढणं सगळ्यात अवघड. उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर फलाट उंच झाले, तरी चाकं आपल्या बळावर आत जात नाहीत.

उलट, चित्रात न मावणारे पुष्कळ जण त्या डब्यात हक्काने बसतात. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016च्या कायद्यात 21 झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, कर्णबधिरता. यातलं किती नजरेला दिसतं? कर्करुग्ण आणि गरोदर बायकांनाही तिथे मुभा आहे. परळच्या टाटा रुग्णालयातून केमो घेऊन अंबरनाथला परतणारा तरुण वरकरणी धडधाकट दिसतो, आणि "तुम्ही इथे कसे?" हे त्याला ऐकून घ्यावं लागतं. खरे घुसखोर असतातच, त्यांच्यासाठी रेल्वे कायद्याचं 155वं कलम आणि 500 रुपयांपर्यंत दंड आहे. पण नुसत्या नजरेने निवाडा करणाऱ्यांपासून सांभाळणारं कलम कुठलंच नाही.

राखीव जागेची पाटी नकोच, सगळ्याच सीटा गरजूंच्या समजा, असं म्हणणं सोपं आहे. जपानमध्ये हे करून झालं. 1973 साली तिथल्या सरकारी रेल्वेने राखीव जागा सुरू केल्या; बुलेट ट्रेनच्या आसनांचं उरलेलं रुपेरी कापड वापरलं म्हणून नाव पडलं 'सिल्व्हर सीट'. ओसाकाकडच्या हांक्यू रेल्वेने 1999 साली पाट्या काढल्या आणि प्रत्येक सीट राखीव मानावी असं जाहीर केलं. सगळ्यांची जबाबदारी ती कोणाचीच नाही, हे लवकरच दिसलं. तक्रारी वाढल्या आणि 2007 साली पाट्या परत आल्या.

आपल्या डब्यात पाटीपेक्षा जास्त काम तिसरा माणूस करतो. "अहो काका, यांना बसू द्या जरा," असं जो स्वतः उभा आहे तोच ओरडतो. मिलग्रॅमचे विद्यार्थी स्वतःसाठी मागत होते. इथे दुसऱ्यासाठी मागितलं जातं, त्यामुळे शब्द अडकत नाहीत. सांगून ठेवलेल्याचा हक्कही चारचौघांत रद्द होतो, त्यामुळे त्याला भांडता येत नाही.

फक्त या तिसऱ्याचा उत्साह कधीकधी नडतो. दंडाला धरून आत ओढत नेणं ही मदत नव्हे. अंध माणसाला आपलं कोपर धरू द्यावं, "उजव्या हाताला, खिडकीशेजारी" असं सांगावं. आणि आधी त्यालाही तोच प्रश्न विचारावा, कुठे उतरणार? स्लो गाडीत कळव्याहून चढून मुंब्र्याला उतरणाऱ्या कुबडीवाल्याला दाराजवळचा दांडाच हवा असतो. त्याला खिडकीत बसवलं, तर गर्दीतून बाहेर येईपर्यंत दिवा स्टेशन आलेलं असतं.